पेजेचे तांदूळ

२०२३ च्या फेब्रुवारीत आम्ही उभयता मेलबर्नला निघालो, तेव्हा आमच्या दोन पेट्यांत लेकीचा बाळंतविडा भरलेला होता. सुंठपूड, हळद, आमसुले, घरचे धणे-जिरे, बडीशेप, परसातल्या लाल सुक्या मिरच्या आणि या सर्वांच्या मधोमध, जुन्या सुती धोतराच्या पिशवीत घट्ट बांधलेले दोन किलो उकडे तांदूळ. बाकीच्या जिनसा मी भरल्या होत्या. तांदूळ मात्र यजमानांनी स्वतःच्या हाताने भरले. नोकरीतून निवृत्त झाल्यापासून गेली पंधरा वर्षे ते आमच्या मळ्यात भात लावतात. शिरगावच्या संशोधन केंद्रातून निघालेले ‘रत्नागिरी २४’ हे वाण त्यांच्या विशेष लोभातले. त्या हंगामातले थोडे भात त्यांनी लेकीसाठी म्हणून वेगळे काढले, परड्यातल्या चुलीवर उकडून घेतले, खळ्यात वाळवले आणि गिरणीत समोर उभे राहून भरडून आणले. बाळंतिणीला पहिले दहा दिवस घरच्या तांदळाची पेज मिळाली पाहिजे, एवढेच त्यांचे म्हणणे होते. चौऱ्याहत्तराव्या वर्षी, रक्तदाब आणि मधुमेह सांभाळीत, कानांनी जरा कमी ऐकू येत असता बारा तासांचा प्रवास करायला ते तयार झाले, त्याचे निम्मे कारण ती पिशवी होती, असे मला आजही वाटते.

लेकीने दूरध्वनीवर वारंवार बजावले होते की, दुधाचे काहीही आणू नका. म्हणून पेढे आणि खव्याच्या वड्या घरीच राहिल्या. तांदळाविषयी मात्र तिला काही विचारायचे नाही, असे यजमानांनी ठरवले होते. विचारले असते तर ती नको म्हणाली असती, हे त्यांना ठाऊक असावे.

विमान उतरण्याच्या दोनएक तास आधी हातात एक छापील कार्ड येते. त्यावर प्रवाशाने प्रश्नांची ‘होय’ किंवा ‘नाही’ अशी उत्तरे द्यायची असतात. मांस, मासळी, अंडी, दुधाचे पदार्थ, फळे, भाज्या जवळ आहेत का? धान्य, बिया, कंद, वनस्पतींचे भाग, पारंपरिक औषधे, लाकडी वस्तू आहेत का? माती लागलेले काही आहे का? गेल्या तीस दिवसांत शेतावर किंवा गुराढोरांच्या संपर्कात आला होता का? कोकणातल्या खेड्यात राहणाऱ्या माणसाला यांपैकी कोणत्या प्रश्नाला ‘नाही’ म्हणता येईल, ते मला सांगावे! निघायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी यजमान गोठ्यात जाऊन पाडशीच्या पाठीवरून हात फिरवून आले होते, आणि ज्या वहाणा घालून ते गेले होते त्याच वहाणा विमानात त्यांच्या पायांत होत्या.

शेजारच्या आसनावर एक वयोवृद्ध गृहस्थ होते. मुलाकडे त्यांची ती तिसरी खेप होती. आमची चाललेली कुजबुज ऐकून ते म्हणाले, “अहो, सगळीकडे ‘नाही’ लिहा. ‘होय’ लिहिलंत की तासभर अडकवतात. म्हाताऱ्या माणसांच्या पेट्या कोण उघडतो?” यजमानांना हा सल्ला तत्काळ पटला. मला पटला नाही. त्यात माझा काही मोठा सत्यनिष्ठपणा नव्हता. खोटे लिहून नंतर त्या अधिकाऱ्यासमोर उभे राहण्याचे धैर्य माझ्यापाशी नव्हते, इतकेच. कार्ड माझ्या हातात होते, चष्मा माझ्या डोळ्यांवर होता. मी तिन्ही ठिकाणी ‘होय’ केले. विमानाची चाके जमिनीला टेकेपर्यंत यजमान माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत.

पुढे झाले ते असे. आम्हांला वेगळ्या रांगेत पाठवले. एका लांबलचक टेबलावर पेट्या उघडल्या. तरुण अधिकारी होती, आमच्या लेकीच्याच वयाची. तिचे इंग्रजी माझ्या कानांना कठीण वाटले, पण मी “हळू बोला” म्हटल्यावर तिने प्रत्येक वाक्य दोनदा उच्चारले. सुंठपूड, हळद, आमसुले तिने उघडून पाहिली आणि परत ठेवली. धणे, जिरे, बडीशेप आणि मिरच्या एका बाजूला काढल्या. मग धोतराच्या पिशवीची गाठ सोडली, मूठभर तांदूळ पांढऱ्या ताटलीत पसरले, भिंगातून पाहिले आणि मान हलवली. आणलेले परत पाठवायचे झाल्यास खर्च आमचा, नाहीतर नष्ट करावे लागेल, असे तिने सांगितले. “तुम्ही घोषित केले आहे, म्हणून दंड नाही,” हे वाक्यही तिने दोनदा म्हटले. यजमानांना पहिले वाक्य ऐकू आले, दुसरे आले नाही. तिने पिशवी पिवळ्या डब्यात टाकली तेव्हा ते दुसरीकडे पाहत होते.

त्यानंतर तिने त्यांच्या वहाणा मागितल्या. त्या आत नेऊन, तळव्यांच्या खाचांतली आमच्या मळ्यातली लाल माती धुऊन, पुसून तिने परत आणून दिल्या. परक्या मुलीने आपल्या पायांतल्या वहाणा धुवाव्यात, याचा त्यांना तांदूळ गेल्यापेक्षाही अधिक संकोच झाला. विमानातल्या त्या गृहस्थांचे पुढे काय झाले, ते मला नीटसे कळले नाही. बाहेर पडताना मागे वळून पाहिले तेव्हा त्यांच्या पेटीपाशी कुत्रा बसून राहिला होता आणि दोन अधिकारी त्यांना काहीतरी विचारीत होते. त्यांचा चेहरा पाहवत नव्हता.

लेकीचे बाळंतपण सुखरूप झाले. पेज झाली ती तिथल्या दुकानातून आणलेल्या तांदळाची. यजमानांनी ती चाखून पाहिली नाही.

रात्रीची जागरणे वाटून घेताना मला वाचायला वेळ मिळे. त्या देशाच्या सरकारने नागरिकांसाठी ठेवलेली माहिती जावईबापूंनी मला काढून दिली होती. तीत तांदळाच्या बंदीचे कारण वाचले आणि मी चकित झाले. कारण होते एक कीड, आणि तिचे नाव इंग्रजीतही ‘खपरा’ असेच! आपल्याकडे साठवणीच्या गव्हात पडणारा तो खपरा भुंगेरा. भुंगेरा स्वतः तिळाएवढा. खरे नुकसान करते ती त्याची केसाळ अळी. तिला खायला मिळाले नाही तर ती कोठाराच्या फटीत, पेटीच्या सांध्यात, गोणपाटाच्या शिवणीत दडून बसते आणि अन्नाविना वर्षानुवर्षे जिवंत राहू शकते. साध्या औषधफवारणीला दाद देत नाही. तिची कात आणि केस धान्यात मिसळले की ते धान्य माणसाच्या पोटालाही बाधते. जगातल्या अनेक देशांना या किडीची धास्ती आहे आणि तिचे मूळ आपल्या भारतीय उपखंडात मानतात. २०२० मध्ये ऑस्ट्रेलियात काही आयात मालाच्या वेष्टनांत ती सापडली, आणि त्याच वर्षापासून प्रवाशांच्या सामानातून तांदूळ, हरभरे, मूग, तूर, मसूर, गहू, शेंगदाणे, धणे, जिरे, बडीशेप, सुक्या मिरच्या आणण्यास तेथे बंदी झाली. त्या यादीवरून बोट फिरवताना मला वाटले, हा तर आमच्या मांडणीवरच्या डब्यांचा क्रम आहे.

दुधाच्या पदार्थांची कथा निराळी. तिथे भीती आहे ती लाळ्या-खुरकुताची. आपल्या गोठ्यांना हा रोग इतका परिचित आहे की त्याच्या लसीकरणासाठी २०१९ मध्ये देशव्यापी कार्यक्रम सुरू करावा लागला. ऑस्ट्रेलियात तो १८७२ नंतर आढळलेला नाही. माणसाला तो सहसा होत नाही, पण त्याचा विषाणू मांसातून, कच्च्या दुधातून, बुटाला लागलेल्या शेणातून प्रवास करतो. २००१ मध्ये इंग्लंडात हा रोग पसरला तेव्हा साठ लाखांहून अधिक जनावरे मारून टाकावी लागली. त्याचा उगम डुकरांना घातलेल्या उष्ट्या अन्नात होता आणि त्या अन्नात बाहेरून चोरून आणलेले मांस असावे, असा तेथील चौकशीचा कौल होता. आमच्या प्रवासाच्या आदल्याच वर्षी बालीहून डार्विनला उतरलेल्या एका प्रवाशाच्या पिशवीत न घोषित केलेले दोन अंडी-मांसाचे पाव आणि एक हॅमचा पाव सापडला, त्याला २,६६४ ऑस्ट्रेलियन डॉलर दंड झाला. ही बातमी मी यजमानांना मोठ्याने वाचून दाखवली. ते म्हणाले, “पाव आणि तांदूळ एक नव्हेत.”

आता या हकिकतीतला तो भाग सांगते, जो आपल्या पाक्षिकाच्या वाचकांच्या अधिक उपयोगाचा आहे आणि जो सांगायला यजमानांनी बऱ्याच विनवण्यांनंतर परवानगी दिली.

तांदळाबरोबर आणखी एक वस्तू त्या टेबलावर अडली होती. यजमान गेली वीस वर्षे रात्री झोपताना एका वैद्यांकडचे चूर्ण घेतात. ते कागदी पुड्यांत येते. पुडीवर नाव नाही, घटक नाहीत, फक्त गाठ मारलेला दोरा. अधिकारी मुलीने विचारले, यात काय आहे? आम्हां दोघांनाही सांगता येईना. त्रिफळा असणार, सोनामुखी असणार, पण ‘असणार’ या शब्दाला तेथे किंमत नव्हती, आणि ते योग्यच म्हणायला हवे. आपल्या काही रसौषधींत पारा, शिसे असे धातू असू शकतात, वनस्पतीचे न कुटलेले भाग असू शकतात. नाव नसलेली पुडी कोणी का आत घ्यावी? पुड्या गेल्या.

रक्तदाबाच्या व मधुमेहाच्या गोळ्यांचे तसे झाले नाही. त्या मूळ वेष्टनांत होत्या, डॉक्टरांचे इंग्रजी पत्र सोबत होते, तीन महिन्यांना पुरतील इतक्याच होत्या. तेथे प्रवाशाला स्वतःपुरते तीन महिन्यांचे औषध आणता येते, हे लेकीने आधी सांगितले होते. अधिकारी मुलीने पत्रावरून नजर फिरवली आणि पेटी बंद केली.

चूर्ण गेले याचे यजमानांनी कोणाला काही सांगितले नाही. आठवडा गेला. प्रवासात पाणी कमी प्यायलेले, तिथल्या कोरड्या हवेची सवय नाही, घरात बाळंतीण, त्यामुळे सगळ्यांचे लक्ष तिच्याकडे. भूक मंदावली, चिडचिड वाढली, रात्री झोप लागेना. लेकीला वाटले वडिलांना करमत नाही. मला वाटले अजून तांदळाचा राग आहे. नवव्या दिवशी पहाटे ते न्हाणीघरात कुंथताना घेरी येऊन बसले. जावई धावले. रक्तदाब वाढलेला निघाला. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो पोटाचा, आणि तेव्हा सगळा उलगडा झाला. नेहमीची सवय असलेले रेचक एकाएकी थांबले तर वृद्ध माणसाचे असे होते, आणि रक्तदाब असलेल्याने जोर करणे धोक्याचे, असे त्यांनी समजावून सांगितले. पाणी वाढवले, इसबगोल सुरू केला. तो तिथल्या साध्या किराणा दुकानातही मिळतो, आणि त्यातला बराचसा आपल्याच गुजरातेत पिकलेला असतो. दोन-तीन दिवसांत गाडी रुळावर आली.

घरातल्या ज्येष्ठांबरोबर प्रवास करणाऱ्या लेकी-सुनांना माझे एवढेच सांगणे आहे की, पेटीत काय आहे याची यादी करताना त्यांच्या उशाशी, देवाच्या फळीवर, चष्म्याच्या डबीत काय आहे तेही विचारा. गोळ्यांची नावे डॉक्टरांच्या पत्रात असतात. चूर्णे, काढे, मात्रा, चघळायची ओव्याची पुरचुंडी ही कोणत्याच पत्रात नसतात, आणि शरीराला त्यांची सवय मात्र गोळ्यांइतकीच झालेली असते.

मे महिन्यात आम्ही परतलो, तेव्हा हापूसचा हंगाम उतरणीला लागलेला होता. बागायतदार असलेल्या माझ्या भावाकडे बसलो असताना यजमानांनी तांदळाची तक्रार पुन्हा काढली. भाऊ हसला. म्हणाला, “भावोजी, २०१४ विसरलात?” त्या वर्षी १ मेपासून युरोपीय संघाने आपल्या आंब्यावर बंदी घातली होती. आंब्याबरोबर वांगी, कारली, पडवळ आणि अळूसुद्धा. आदल्या वर्षी आपल्याकडून गेलेल्या मालात फळमाशी व इतर किडी सापडल्या होत्या. ऐन हंगामात आलेला तो घाव रत्नागिरीने फार दिवस मनात ठेवला. फळमाशी सालीखाली अंडी घालते, वरून फळ निर्मळ दिसते, आणि कापल्यावर आत अळी वळवळते. आपण ती फोड टाकून उरलेला आंबा खातो. ज्यांच्या बागांत ती माशी नाही, त्यांना ती एक फोड पुरेशी असते. ती बंदी पुढच्या हंगामाआधी, २०१५ च्या जानेवारीत उठली, तीही आंबा ४८ अंशांच्या गरम पाण्यात ठेवून पाठवण्याची व्यवस्था झाल्यावर. जपानने वीस वर्षांची बंदी २००६ मध्ये उठवली ती बाष्पोष्ण प्रक्रियेच्या अटीवर. अमेरिकेने २००७ मध्ये दार उघडले ते लासलगावच्या केंद्रात किरणोत्सर्गाची प्रक्रिया करून घेतल्यावर. भावाच्या बागेत दापोलीच्या विद्यापीठाचे ‘रक्षक’ सापळे झाडाझाडांवर टांगलेले होते. त्यातला एक काढून त्याने यजमानांसमोर धरला. तळाशी मेलेल्या माश्यांचा थर होता.

यजमान काही बोलले नाहीत. पण त्याच पावसाळ्यानंतर असे घडले की, आमच्या विहिरीलगतच्या माडांच्या झावळ्या काळ्या पडू लागल्या. प्रथम वाटले, कोणी पालापाचोळा जाळला असेल. मग खालची अळवाची पाने, कर्दळ, शेजाऱ्यांच्या उभ्या मोटारीची काचही काजळली. झावळीच्या खालच्या बाजूला पांढऱ्या मेणाची वर्तुळे होती. यजमान एक झावळी कापून भाट्याच्या नारळ संशोधन केंद्रात घेऊन गेले. मी बरोबर होते. तिथे सांगितले, ही चक्राकार पांढरी माशी. ती मूळची मध्य अमेरिकेतली, भारतात प्रथम २०१६ मध्ये तामिळनाडूत पोल्लाचीच्या बाजूला आढळली आणि मग किनाऱ्या-किनाऱ्याने पसरत गेली. माशी पानातला रस शोषते, तिचा चिकट पाझर खालच्या पानांवर पडतो आणि त्यावर काळी बुरशी धरते. भरमसाट विष फवारू नका, तिच्या अंगावर जगणारी एक बारीकशी गांधीलमाशी निसर्गतःच येते, तिचा नाश होईल, असे त्यांनी परत परत बजावले. पिवळे चिकट सापळे लावा, पाण्याचा जोरदार फवारा मारा, काजळी धरली असेल तर खळीचे पातळ पाणी मारा, वाळले की पापुद्र्यासारखी ती निघून जाते.

“पण ही इथवर आली कशी?” यजमानांनी विचारले.

“कोणत्या तरी रोपाबरोबर,” असे उत्तर मिळाले. “शोभेचे झाड असेल, कुंडी असेल. कोणी सांगू शकत नाही.”

परतीच्या वाटेवर भाट्याच्या पुलावर गाडी थोडा वेळ थांबली होती. खाडीकडे पाहत ते म्हणाले, “कोणाच्या तरी पिशवीतून आली असेल.” एवढेच.

आपल्या देशालाही असे नियम नवे नाहीत. किडींना अटकाव करणारा आपला मूळ कायदा १९१४ चा, आणि रोपे, बिया, फळे बाहेरून आणण्याविषयीचा सविस्तर आदेश २००३ चा. तरीही काही गोष्टी शिरतातच. गाजरगवताची नोंद आपल्याकडे १९५० च्या दशकात पुण्यात झाली. बाहेरून आणलेल्या गव्हातून त्याचे बी आले, असे सर्वसाधारणपणे मानतात. पुण्याला असलेल्या माझ्या थोरल्या दिरांचे हात आणि मान गेली तीस वर्षे त्या गवताच्या स्पर्शाने दर पावसाळ्यात सुजून फुटतात. त्यांच्या औषधांच्या खर्चाचा हिशेब कोणत्याही गव्हाच्या जहाजावर लिहिलेला नसेल.

गेल्या महिन्यात लेकीने पुन्हा बोलावले. नात आता धावू लागली आहे. या वेळी पेटी यजमानांनी स्वतः भरायला घेतली. वैद्यांकडे जाऊन चूर्णाचे घटक इंग्रजीत लिहून, सही-शिक्का करून आणले, पण चूर्ण बरोबर नेणार नाहीत. इसबगोल तिथेच मिळतो म्हणाले. गोळ्यांची पत्रे डॉक्टरांकडून नवी करून घेतली. वहाणा त्यांनी परवा विहिरीवर नेल्या, जुन्या दातांच्या ब्रशाने तळव्यांच्या खाचा घासल्या आणि उन्हात उलट्या टाकून वाळवल्या. तांदळाची पिशवी कुठे दिसली नाही म्हणून मी मुद्दाम विचारले. म्हणाले, “अगं, तिला फोटो पाठवलाय यंदाच्या लोंब्यांचा. पेज इथे येईल तेव्हा पिईल.”